राष्ट्राध्यक्षांचा कंदील

थर्ड इयरला आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. स्वतःचा रिकामा जेवणाचा डबा त्यांनी वर्गात फिरवला. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, आणि तिच्यावर ज्या देशाचं नाव असेल त्या देशाच्या प्रमुखाचं आयुष्य आणि कारकीर्द लिहायची. हाताने, पंधरा पानं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला फ्रान्स मिळाला. मला प्रशांत महासागरातला एक छोटा बेटांचा देश मिळाला.

मैत्रिणीने मोबाइलवर नकाशा उघडला आणि दोन बोटांनी मोठा करत राहिली. "अगं, आहे कुठे हे? नुसतं निळं निळं दिसतंय."

"हा बघ ना, ठिपका."

"हा? मला वाटलं माझ्या स्क्रीनवर काहीतरी पडलंय. तुझी वाट लागली यार."

तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं नाव मी इथे लिहीत नाही, देशाचंही नाही. त्यांच्याबद्दल मी एकदा खोटं लिहिलं आहे. आता पुन्हा त्यांना यात ओढावं असं मला वाटत नाही.

आमचं कॉलेज मुलुंडला आणि घर विक्रोळीला, खाडीच्या बाजूच्या चाळीत. कॉलेजच्या लायब्ररीत त्या देशावर एका जाड इंग्रजी पुस्तकात दीड पान होतं. बाकी मी मोबाइलवर शोधलं. माझं इंग्रजी तेव्हा फार कच्चं होतं. एक एक वाक्य वहीत उतरवायचं, कठीण शब्दाखाली रेघ मारायची आणि मग अर्थ बघायचा, असं चालायचं. तरी त्या माणसाची मला हळूहळू सवय झाली. ते आधी पोस्टात कारकून होते. मग तिथल्या रेडिओवर रोज सकाळी हवामान सांगायचे, कारण त्या देशात सगळेच होडीने ये-जा करतात. लोक त्यांना आवाजावरून ओळखायचे. पहिल्या दोन निवडणुका हरले, तिसरी जिंकले. मासेमारी खात्याचे मंत्री झाले, मग राष्ट्राध्यक्ष. एकदा अविश्वास ठराव आला आणि पद गेलं. काही वर्षांनी लोकांनी पुन्हा निवडून दिलं. मग ते मोठमोठ्या परिषदांना जाऊन एकच गोष्ट सांगत राहिले, की समुद्र वर येतोय आणि आमच्या विहिरी खारट होत आहेत.

हे मी घरी पप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांना सांग, आमच्या मोरीतून पण येतो." उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी खरंच आमच्या मोरीतून उलटं यायचं. मम्मी तिच्यावर पाटा ठेवायची.

कारकिर्दीची अकरा पानं झाली. पण सुरुवात होईना. बालपणाबद्दल सगळीकडे एकच वाक्य होतं. राजधानीपासून दूरच्या एका बेटावर जन्म आणि तिथेच प्राथमिक शिक्षण. बस.

पप्पा पॅकिंगच्या कारखान्यात कामाला आहेत. शिक्षण नववीपर्यंत. पण आमच्या विहारात जयंतीचं भाषण म्हटलं की लोक त्यांनाच उभं करतात. मला पहिलं भाषण त्यांनीच शिकवलं. मी पहिलीत होते, माइकपर्यंत तोंड पोचावं म्हणून मला स्टुलावर उभं केलं होतं. तेव्हापासून मी दरवर्षी बोलत आले. आमच्याकडे बहुतेक मुलं बोलतात. त्या भाषणांचा एक क्रम असतो, तो कोणी लिहून दिलेला नसतो. आधी गरिबी. मग पायपीट करून शाळा. मग दिव्याखालचा अभ्यास. मग कोणीतरी केलेला अपमान, आणि तिथे आवाज वर न्यायचा. मग शिक्षण, परत येणं आणि समाजासाठी झिजणं. महापुरुष कोणताही असो, आम्ही मुलं याच पायऱ्या चढायचो. एखादी गोष्ट पुस्तकात नसली तरी आधीच्या वर्षी कोणीतरी सांगितलेली असायचीच.

पप्पांनी माझी वही हातात घेतली. "बालपण कुठंय?"

"मिळत नाहीये."

"बालपण नसेल तर चरित्र कसं होईल? एवढा मोठा माणूस, बेटावरचा. गरीब असणारच. शाळेत चालत गेला असणारच."

"लिहू का?"

"लिही की. आणि एवढा वर आला म्हणजे कोणीतरी अपमान केला असणारच. गोरा साहेब असेल. होडीतून खाली उतर म्हणाला असेल."

आमच्या घरी तेव्हा कोणीच खोटं बोलत नव्हतं. मला हे नीट सांगता येतंय की नाही, माहीत नाही. पप्पांना ते दिसत होतं आणि त्यांच्या बोलण्यातून मलाही दिसायला लागलं. मी चार पानं सलग लिहिली. अनवाणी तीन मैल वाळूतून चालणारा मुलगा लिहिला. खोबरेल तेलाचा कंदील लिहिला, कारण तिकडे नारळ खूप असतात असं मी वाचलं होतं. कंदिलाची काच फुटलेली होती आणि तो मुलगा वाऱ्याकडे पाठ करून बसायचा, हेही लिहिलं. होडीतला साहेब लिहिला. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा पानांत एकदाही आलं नव्हतं.

मॅडमनी आठवड्याने वह्या परत दिल्या. माझी दिली नाही. "तू थांब," म्हणाल्या. सगळे गेल्यावर त्यांनी वही उघडली. त्या चारच पानांवर हिरव्या पेनाने बाजूला रेघा होत्या.

"किती जिवंत लिहिलंयस गं. हा कंदील! कुठे मिळालं तुला हे?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "वाचलं मॅडम."

पूर्ण खोटं मी बोलले ते हे दोन शब्द.

मॅडम खूश होत्या. विभागाचा कार्यक्रम होता, तिथे तीन विद्यार्थ्यांनी आपलं काम वाचायचं होतं आणि त्यातली एक मी. नंतर ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होतं. "आणि तुझं नशीब बघ," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे मुलुंडचेच एक सर पाहुणे येणार आहेत. गणिताचे. निवृत्त आहेत आता, पण त्याच देशात बारा वर्षं शिकवत होते. मी त्यांना फोनवर तुझ्याबद्दल सांगितलं. तुझे राष्ट्राध्यक्ष त्यांना माहितीयत, प्रत्यक्ष! पालकांनाही घेऊन ये."

मी हो म्हणाले. बाहेर आले तर माझे हात थंड पडले होते. जिन्याचा कठडा धरला तेव्हा मला ते कळलं.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. ते आठ दिवस मी कसे काढले ते नीट सांगणं कठीण आहे, कारण बाहेरून काहीच झालं नाही. मी कॉलेजला गेले, जेवले, झोपले. पण सकाळी जाग आली की पहिले दोन क्षण बरं वाटायचं, आणि मग कंदील आठवायचा. ताटात भात तसाच उरायचा. मम्मीने विचारलं, "परीक्षा आहे का?" मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

भीती मार्कांची नव्हती. पहिल्या वर्षी एकदा मी ऑफिसच्या खिडकीशी स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन उभी होते, तेव्हा मागून एक मुलगी दुसरीला म्हणाली होती, "यांचं काय गं, यांना मिळतंच." आवाज खाली करून म्हणाली होती, म्हणजे मला ऐकू येणार हे तिला माहीत होतं. त्या दिवसापासून मी वर्गात एकही उत्तर खात्री असल्याशिवाय दिलेलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आमच्या चाळीच्या लायनीतून दुसरी. मी पकडले गेले तर ते माझं एकटीचं खोटं राहणार नव्हतं. ती मुलगी म्हणणार होती, बघ. आणि माझ्या मागून येणाऱ्या, ज्यांची तोंडंही मी पाहिली नव्हती, त्या मुलींकडेही लोक त्याच नजरेने बघणार होते.

घरात पप्पांनी रजा टाकली होती. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. शेजारच्या काकांना सांगितलं, "कॉलेजात वाचणार आहे, राष्ट्राध्यक्षावर." काकांनी विचारलं, कोणत्या? पप्पांनी त्या देशाचं नाव इतक्या सहज घेतलं, जसं काही ते तिथे जाऊन आलेत.

मी मॅडमना सांगायचं ठरवलं. तीनदा. पहिल्यांदा त्या वर्गात होत्या. दुसऱ्यांदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले, आत हसण्याचा आवाज आला आणि मी परत फिरले. तिसऱ्यांदा त्या समोर आल्या आणि मी म्हणाले, "मॅडम, ते वाचायचंय त्याबद्दल..." त्या चालता चालताच म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, छान होईल." आणि गेल्या. खरं सांगायचं तर त्या थांबल्या नाहीत याचं मला बरंच वाटलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

पप्पांना का सांगितलं नाही? कारण त्यांना काय सांगायचं होतं तेच मला कळत नव्हतं. की तुम्ही सांगितलेलं खोटं होतं?

कार्यक्रम सकाळी अकराला होता. आधी चहा. पप्पा दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते, पाठ खुर्चीला न टेकता. मी टेबलापाशी वहीतून उतरवलेले कागद लावत होते. पाहुणे सर आले. बुटके, टक्कल पडलेले, पायात साध्या चपला. मॅडम फुलं आणायला आत गेल्या, आणि सर चहाचा कप घेऊन नेमके पप्पांच्या शेजारी जाऊन बसले.

मला तिथून सगळं ऐकू येत होतं.

"आपण पालक?"

"हो साहेब. ती मुलगी माझी. त्या राष्ट्राध्यक्षावर तिनेच लिहिलंय."

"अरे वा!"

"काय माणूस साहेब. फुटक्या कंदिलाखाली शिकला. तुम्ही तर पाहिलंय त्यांना."

सरांनी कप बशीत ठेवला. "कंदील?"

"खोबरेल तेलाचा. वाऱ्याकडे पाठ करून बसायचा."

"असं का," सर म्हणाले. "मला नव्हतं माहीत."

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शिक्षक पेपर तपासताना चुकलेल्या पायरीवर थांबतो तसं. मी खाली बघितलं. माझ्या कानांत नुसता पंख्याचा आवाज येत होता. त्यांना कळलं आहे, हे मला कळलं होतं. आणि ते बिस्किट खात बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

माझं नाव दुसरं होतं. पहिल्या मुलाचं वाचन मी ऐकलंच नाही. पळून जाता येईल का, याचा मी विचार करत होते. दार डाव्या बाजूला होतं, पण तिथे जायला पप्पांच्या समोरून जावं लागलं असतं.

मी माइकसमोर उभी राहिले. स्टुलावर उभी राहिल्यापासून मला माइकची भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. जन्माचं वाक्य वाचलं. ते खरं होतं. मग वाळू आली. अनवाणी हा शब्द वाचला आणि माझा आवाज आपोआप वर जायला लागला, विहारात जातो तसा. आता पुढे कंदील होता.  मी पप्पांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना ती पानं पाठ होती.

मी थांबले.  मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"हे पुढचं," मी म्हणाले, "मी वाचलेलं नाही. म्हणजे कुठल्या पुस्तकात नाहीये. त्यांच्या बालपणाबद्दल मला काही मिळालं नाही. म्हणून मी... असं असेल असं वाटून लिहिलं. कंदील खरा नाही. शाळेत चालत जायचे तेही नाही. होडीतला साहेब पण नाही. मॅडमना मी वाचलं म्हणून सांगितलं होतं, ते खोटं होतं."

पप्पांनी सांगितलं, असं मी म्हणाले नाही. एवढं एक मला त्या वेळी सुचलं.

मॅडमकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. मी चार पानं उलटी करून टेबलावर ठेवली आणि पाचव्या पानापासून, पोस्टातल्या नोकरीपासून, वाचायला लागले.  रेडिओ, निवडणुका, अविश्वास ठराव, खारट विहिरी. त्यात आवाज वर नेण्यासारखं काही नव्हतं. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या, पण थोड्याच, वाजवाव्यात की नाही हे माहीत नसल्यासारख्या.

सरांना बोलायला उभं केलं. ते आधी गणितातलं काहीतरी बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कंदील खरंच नव्हता बरं का. त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. बेटावरचा पहिला जनरेटर त्यांच्याच घरी. शाळा घरासमोर." लोक हसले. माझी मान आणखी खाली गेली. "आणि त्यांचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात होता, गणितात अगदी दगड." पुन्हा हसले. मग ते म्हणाले, "तो अविश्वास ठराव झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात साबण आणायला गेलो. तर हेच काउंटरवर. कालपर्यंत राष्ट्राध्यक्ष.  म्हणाले, मास्तर, साबण कुठला देऊ?  लोक बघायला येत होते त्यांना, उगाच काडेपेटी वगैरे घ्यायला. पण महिनाभर ते रोज उभे राहिले. हे कुठे लिहिलेलं नाही. मी पाहिलंय म्हणून सांगतोय."

ते बसले. मी त्यांचे आभारही मानले नाहीत, सुचलंच नाही.

मॅडम नंतर मला एकटीला भेटल्या. चिडल्या नाहीत, पण चेहरा उतरला होता. "आधी सांगायचं होतंस. मी त्यांना अभिमानाने सांगितलं होतं गं." स्पर्धेतून माझं नाव काढलं. चार पानं फाडून पुन्हा वही द्यायला सांगितली. मी दिली. बालपण एका वाक्याचं ठेवलं आणि त्याखाली लिहिलं, याहून अधिक माहिती मिळाली नाही. दुकानाचं आणि जनरेटरचं सरांना विचारून, त्यांनी सांगितलं म्हणून, वेगळं लिहिलं. त्यानंतर वर्षभर मॅडमनी मला काही विचारलं की शेवटी त्या म्हणायच्या, "नक्की ना?" बहुतेक चेष्टेनेच म्हणायच्या. पण प्रत्येक वेळी मी उत्तर मनात पुन्हा एकदा तपासायचे. आणि ती खिडकीपाशी बोललेली मुलगी? ती काय म्हणाली मला माहीत नाही. काहीच म्हणाली नसेल, तिला तो कार्यक्रम आठवतही नसेल. पण मी तिच्या समोरून जायचं टाळत राहिले.

त्या दिवशी घरी जाताना पप्पा बसमध्ये माझ्या शेजारी बसले आणि बोलले नाहीत. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या त्यांनी वर दुमडल्या. मुलुंड गेलं, भांडुप गेलं. मला वाटलं, ते आता म्हणतील की सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस. मी वाट बघत होते.

कांजूरमार्गला ते म्हणाले, "दुकान होतं म्हणजे त्यांचं."

"हो."

"जनरेटर पण."

"हो पप्पा."

"तरी माणूस चांगलाच होता ना?"

"सर तसंच म्हणाले."

 विक्रोळीला उतरल्यावर म्हणाले, "माझं नाव का नाही घेतलंस?" मी चाळीकडे चालायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या जयंतीच्या महिनाभर आधी मी त्यांना लायब्ररीतून, ज्यांची जयंती त्यांच्याच चरित्राचं पुस्तक आणून दिलं. त्यांनीच मागितलं होतं. कामावरून आले की ते चष्मा लावून बसायचे, ओळीखाली बोट ठेवून वाचायचे. कधी मम्मीला हाक मारायचे, "अगं ऐक, हे तर खरंच आहे." आणि कधी एखाद्या पानावर बराच वेळ थांबायचे, पुढे जायचे, परत मागे यायचे. शोधत असलेलं त्यांना सापडत नाहीये हे मला कळायचं. मी विचारायचे नाही.

जयंतीला विहार भरला होता. मी मागे बायकांमध्ये बसले होते. पप्पा उभे राहिले. सुरुवात नेहमीसारखी, खणखणीत. गरिबी झाली, शाळा झाली. मग ती गोष्ट आली, जी ते मी स्टुलावर उभी होते तेव्हापासून दरवर्षी सांगत आले आहेत, जिथे आवाज वर जातो आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. त्या आधीच पदर हातात घेऊन बसल्या होत्या.

पप्पा थांबले. माइकमधून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आवाज येत नाही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"येतोय," पप्पा म्हणाले. "मी थांबलोय. ही पुढची गोष्ट मी दरवर्षी सांगतो. यंदा पुस्तकात शोधली. मला मिळाली नाही. असेलही, पण मी वाचलेली नाही, ऐकलेली आहे. म्हणून तुम्हाला तसं सांगून मग सांगतो."

लोकांत चुळबुळ झाली. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "काय झालं गं तुझ्या पप्पांना?"  पप्पांनी हातातल्या कागदाची घडी घातली. माझे हात थंड पडले होते, कॉलेजच्या जिन्यात पडले होते तसेच, आणि ते पुढचं वाक्य कधी बोलतात याची मी वाट बघत होते.